भिजत घोंगडं!

"भिजत घोंगडं" हा शब्दप्रयोग आपल्या कॉलेजात रोज ऐकू येतो. जर्नल तपासून झालं का? भिजत घोंगडं. प्रोजेक्टचा टॉपिक ठरला का? भिजत घोंगडं. पण खरंखुरं घोंगडं खरोखर भिजलं की काय होतं, हे आपल्यापैकी कितीजणांनी पाहिलंय? मी गेल्या जुलैत पाहिलं, तेही रात्री दीड वाजता, अंगावर घेऊन! त्यावरच चार शब्द लिहितोय.

सुरुवात भांडणातून झाली. आमच्या हॉस्टेलची काही मुलं दरवर्षी पन्हाळा ते पावनखिंड ट्रेकला जातात. सिद्दी जौहरच्या वेढ्यातून महाराज निसटले ती १६६० च्या जुलैमधली पावसाची रात्र आठवत, घोषणा देत चालतात. छान आहे, अभिमानाची गोष्ट आहे. पण अंगात विंडचिटर, पायात स्पोर्ट्स शूज, डोक्याला हेडलॅम्प. मेसमध्ये एकजण म्हणाला, "मावळ्यांकडे यातलं काहीच नव्हतं, म्हणजे त्यांचा स्टॅमिनाच वेगळा." दुसरा म्हणाला, "स्टॅमिना सोड, त्यांचं सामानच भारी होतं. आजचं सगळं प्लॅस्टिक!" दोघांचाही आवाज चढला, पण पुरावा एकाकडेही नाही. अरे, आपण इंजिनिअर ना? मग टेस्ट घेऊ या की!

आता सोलापुरात जंगल कुठलं, असं हसू नका. आपल्याकडे सह्याद्री नसेल, पण बाभळी, हिवर, बोरी आणि कडुनिंबाची झाडी असलेलं माळरान आहे. नान्नजच्या माळढोक अभयारण्यात रात्री भटकायला मिळणार नाही, आणि मिळूही नये. म्हणून माझ्या रूममेटच्या गावी, मंगळवेढा तालुक्यात गेलो. त्याचे आजोबा, आबा, आयुष्यभर मेंढरं राखलेले. २०२० च्या डिसेंबरात करमाळ्याकडे बिबट्याने माणसं मारली होती, तेव्हापासून घरच्यांना रात्रीच्या भटकंतीची धास्ती. "आबा बरोबर असतील तरच जा," अशी अट पडली. ही अट नसती तर आमची टेस्ट पहिल्या तासातच फेल झाली असती.

सामान असं: दोन घोंगड्या, दोन जोड नव्या कोल्हापुरी वहाणा, चकमक-गारगोटी आणि शेवरीचा कापूस, करंजाच्या तेलात भिजवलेल्या चिंध्यांची मशाल, पितळी तांब्या, कडक भाकरी आणि शेंगाची चटणी. तुलनेसाठी दोघेजण विंडचिटर, बूट आणि एलईडी टॉर्च घेऊन. वही, पेन आणि किराणा दुकानातून आणलेला ताणकाटा. अगदी प्रॅक्टिकलचा थाट!

आता रिझल्ट सांगतो, प्रामाणिकपणे.

वहाणा: नापास. दुसऱ्याच मैलाला अंगठ्याजवळ फोड. आबा म्हणाले, "नवी वहाण घालून रातच्या वाटंला लागतंय व्हय रं कुणी? आधी तेल पाजायचं, म्हैनाभर घरात वापरायची." म्हणजे वहाण नापास नव्हती, आम्हीच अभ्यास न करता पेपरला बसलो होतो.

मशाल: जेमतेम पंचवीस मिनिटं चालली. त्यातही उजेड आमच्याच डोळ्यांत, वाट काळीकुट्ट. आबांनी ती विझवायला लावली. अंधाराला डोळे सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात, हे आपण पुस्तकात वाचतो. त्या रात्री ते अनुभवलं. चांदण्यात गाडीवाट पांढरी दिसायला लागली. पण ढग आले, चंद्र गेला, तेव्हा मात्र एलईडी टॉर्चच कामाला आला. इथे शंभर टक्के मार्क नव्या वस्तूला.

चकमक: आम्ही चौघांनी पाऊण तास खटपट केली. बोटं सोलली, ठिणग्या पडल्या, पण कापूस काही पेटेना. आबांनी कापसाचं टोक आधी जरा जाळून काळं केलं, गारगोटीच्या धारेशी धरलं आणि चार-पाच टोल्यांत धूर काढला. मधल्या खटपटीत एक ठिणगी घोंगडीवर पडली. केस जळल्याचा वास आला आणि विझली. दुसरी विंडचिटरवर पडली, तिथे आरपार भोक!

आणि मग पाऊस आला. सोलापूरचा पाऊस, एरवी बोलावूनही येत नाही, नेमका तेव्हा आला. आबांनी घोंगडीची खोळ करून डोक्यावर घेतली, आम्हालाही करून दिली. तासभर पडला. विंडचिटरवाले बाहेरून कोरडे पण आतून घामाने चिंब, आणि थांबल्यावर कुडकुडत होते. आम्ही घोंगडीवाले वरून ओले, आतून उबदार. कोरडी घोंगडी अडीच किलो होती, पावसानंतर साधारण साडेतीन भरली. ओझं वाढलं हे खरं, खांदे दुखले हेही खरं. पण झोप लागली!

यात जादू काही नाही. लोकर आपल्या वजनाच्या सुमारे तीस टक्के बाष्प पोटात घेते तरी हाताला ओली लागत नाही, आणि बाष्प शोषताना थोडी उष्णता बाहेर टाकते. कुरळ्या तंतूंमध्ये हवा अडकून राहते, ती थंडी अडवते. विणण्याआधी सुताला चिंचोक्याची खळ देतात, त्याने ताणा घट्ट होतो. एवढं मटेरियल सायन्स सणगरांच्या खड्डामागावर पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. त्यांना व्हायवा कुणी घेतली नाही इतकंच.

जगात अशा टेस्ट लोक गंभीरपणे घेतात. थॉर हेयरडालने १९४७ मध्ये बाल्सा लाकडाच्या कॉन-टिकी तराफ्यावरून १०१ दिवस पॅसिफिकमध्ये प्रवास केला. १९२४ मध्ये एव्हरेस्टवर गेलेल्या मॅलरीच्या कपड्यांची हुबेहूब नक्कल २००६ मध्ये तिथल्याच हिमनदीवर घालून पाहिली गेली, आणि "ते काय ट्वीडचे कोट" म्हणून हसणाऱ्यांची तोंडं बंद झाली. आपल्या नौदलाने तर अजिंठ्याच्या चित्रावरून काथ्याने शिवलेलं जहाज बांधून घेतलं आणि मे २०२५ मध्ये कारवारला 'कौंडिण्य' नावाने ताफ्यात घेतलं. जुन्याची आरती नाही, टिंगल नाही. बांधा, वापरा, मोजा!

आता माझा मुद्दा. सोलापूर चादरीचं गाव. टॉवेल-चादरीला भौगोलिक मानांकन आहे. कोल्हापुरी चपलेच्या मानांकनातही सोलापूर जिल्हा आहे, हे कितीजणांना माहीत होतं? २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये तशा चपला दिसल्या तेव्हा आपण सगळे चिडलो. पण आपल्या तालुक्यातली घोंगडी आपण चिडण्याइतकीसुद्धा लक्षात ठेवलेली नाही. दख्खनी मेंढीची लोकर जाडीभरडी, गिरण्यांना नको. लोक मटणाला चांगल्या जातीची मेंढरं पाळतात, त्यांच्या अंगावर लोकर फारशी नसते. यात मेंढपाळाची चूक नाही, त्याला पोट आहे. आबांनी गेल्या कातरणीची लोकर उकिरड्यावर टाकली. कातरायची मजुरीसुद्धा निघत नाही म्हणाले. आमच्या अंगावरच्या दोन्ही घोंगड्या त्यांच्या आईने कातलेल्या सुताच्या. गावातला माग आता बंद आहे.

मला त्या रात्री चकमकीपेक्षा ते चार-पाच टोले जास्त लक्षात राहिले. वस्तू म्युझियममध्ये ठेवता येते. पण कापूस किती जाळायचा, वहाणेला तेल किती पाजायचं, खोळ कशी घालायची, हे आबांच्या हातात आहे. आबा पंच्याहत्तरीचे आहेत. रूममेटला यातलं काहीच येत नाही, आणि त्याला त्याची लाजही वाटत नव्हती. त्या रात्रीनंतर वाटायला लागली, असं तोच म्हणाला.

म्हणून फायनल इयरवाल्यांना एक विनंती. दरवर्षी तोच तयार प्रोजेक्ट, तेच मुखपृष्ठ बदललेले रिपोर्ट. त्याऐवजी टेक्स्टाइल आणि मेकॅनिकलवाल्यांनी मिळून जाड्याभरड्या लोकरीचं काहीतरी करा. छपराखालचं उष्णतारोधक, आवाज शोषणारी पॅनेल्स, हलकी घोंगडी, काहीही. जमलं नाही तर "जमलं नाही" असं आकड्यांसकट लिहा. तेही इंजिनिअरिंगच आहे.

आम्ही आमच्यापुरती सुरुवात केली आहे. येत्या कातरणीची लोकर टाकू नका, असं आबांना सांगितलंय. ते हसले आणि म्हणाले, "घिऊन जावा की. पर आधी कातायला शिका."

बघू या. हे घोंगडं तरी भिजत पडू नये!