अर्धवेळ पदवी आणि पूर्णवेळ पाळी

मध्य भारतातील एका जंक्शनवर आरक्षण खिडकीवर काम करणारी आमची एक सभासद भगिनी मध्यंतरी युनियन कचेरीत आली. तिच्या हातात ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या एका अभ्यासक्रमाची माहिती होती. विषय इंटरनेटचे सामाजिक विज्ञान, पदवी एम.एस्सी., आणि ती अर्धवेळ करण्याची सोय. तिने विचारले, "भाऊ, अर्धवेळ म्हणजे नोकरी सांभाळूनच ना? मग सुट्टी कोण देणार, हे यात कुठे लिहिलंय?" आम्ही दहावीवर रेल्वेत लागलो. एम.एस्सी.च्या अटी वाचण्याचा प्रसंग आमच्यावर कधी आला नव्हता. पण तिचा प्रश्न रजेचा होता, म्हणजेच युनियनचा होता. म्हणून आम्ही त्या अटी नीट वाचल्या.

आधी विषय समजून घेऊ. यात संगणक दुरुस्ती शिकवत नाहीत. इंटरनेट आल्यामुळे माणसांचे काम, कमाई, बोलणे, राजकारण आणि सत्ता कशी बदलली, याची पाहणी, मुलाखती आणि आकडेवारीच्या आधारे तपासणी करण्याचे हे शास्त्र आहे. त्यासाठी ऑक्सफर्डमध्ये २००१ साली स्वतंत्र संस्था निघाली. तिथल्या संशोधकांनी सुरू केलेल्या 'फेअरवर्क' या उपक्रमात ॲपवर चालणाऱ्या कंपन्यांना मोबदला, कामाची परिस्थिती, करार, व्यवस्थापन आणि कामगारांचे प्रतिनिधित्व या पाच कसोट्यांवर दहापैकी गुण दिले जातात. भारतातील कंपन्यांचीही अशी तपासणी बंगळूरच्या संशोधकांच्या सहकार्याने झाली आहे. मालकाला गुण देणारे शास्त्र कामगाराला परके कसे असेल?

रेल्वे कामगाराला तर हा विषय घरचाच आहे. १९८०च्या दशकात आरक्षण संगणकावर गेले. २००२ साली इंटरनेटवर तिकीट मिळू लागले. २०२० साली आपले पासही मोबाईलवर आले. आज आरक्षित तिकिटांचा मोठा हिस्सा खिडकीवर न येताच निघतो. या प्रत्येक पायरीवर काम बदलले, माणसे हलली. पण हे बदल कोणी ठरवले आणि त्यांचा हिशेब कोणी मांडला? आम्ही नाही. संगणक आला तेव्हा कामगार चळवळीने विरोध केला. त्या विरोधामागे रास्त भीती होती. पण विरोध करताना आपल्यातल्या चार जणांना तरी तो विषय मुळापासून शिकवावा, हे आम्हाला सुचले नाही. ही आमची चूक आम्ही कबूल करतो.

आता अटींकडे येऊ. पहिली अट, चांगल्या श्रेणीतली पदवी. दुसरी, इंग्रजीवर प्रभुत्व असल्याचा पुरावा. तिसरी, शिफारसपत्रे आणि आपल्याला हे का शिकायचे आहे याचे लेखी निवेदन. पूर्णवेळ विद्यार्थी जे एका शैक्षणिक वर्षात शिकतो, तेच अर्धवेळ विद्यार्थी दोन वर्षांत शिकतो आणि शेवटी प्रबंध लिहितो. हा घरबसल्या टपालाने करायचा अभ्यास नव्हे. वर्गात जाऊन बसावे लागते. परदेशी विद्यार्थ्याचे शुल्क ऐकून तर आपल्या पगारपत्रकाकडे पाहवत नाही.

या सगळ्या छापील अटी झाल्या. न छापलेली अट एकच आहे : वर्गाच्या दिवशी माणूस मोकळा हवा. साहेबाला ते जमते. पाळीवाल्याला, उद्याच्या ड्युटीची वेळ आजच्या रात्री कळणाऱ्या गाडीवरच्या माणसाला आणि कंत्राटी कामगाराला ते जमत नाही. अर्धवेळ शिक्षण कागदावर सर्वांना खुले आहे. प्रत्यक्षात ज्याचा वेळ त्याच्या स्वतःच्या हातात आहे, त्यालाच ते खुले आहे.

ऑक्सफर्डलाच या प्रश्नाचा एक जुना इतिहास आहे. शाळा अर्धवट सोडलेल्या कामगारांसाठी १८९९ साली तिथे रस्किन कॉलेज निघाले. १९०९ साली तिथल्या कामगार विद्यार्थ्यांनी संप केला, कारण शिक्षण कोणाच्या बाजूचे, हा वाद होता. त्यातून सेंट्रल लेबर कॉलेज उभे राहिले. पुढे ते लंडनला गेले. इंग्लंडमधील रेल्वे कामगारांच्या आणि दक्षिण वेल्समधील खाण कामगारांच्या युनियनने त्याचा खर्च उचलला. लहानपणीच खाणीत उतरलेला अन्युरिन बेव्हन तिथेच शिकला आणि आरोग्यमंत्री म्हणून १९४८ साली त्याने ब्रिटनची सार्वजनिक आरोग्य सेवा उभी केली. ते कॉलेज १९२९ साली बंद पडले. पण कामगाराला शिकवण्याची जबाबदारी युनियनची असते, हा धडा त्या रेल्वेवाल्यांनी घालून दिला.

कायद्याचे काय? आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९७४ साली १४० क्रमांकाचा करार केला. त्यात पगारी शैक्षणिक रजेचे तत्त्व आहे, आणि कामगार संघटनेच्या कामाचे शिक्षणही त्यात धरलेले आहे. ब्रिटनने तो मान्य केला. भारताने अजून केलेला नाही. आपल्याकडे केंद्र सरकारी नियमांत अभ्यास रजा आहे. पण पाच वर्षे सेवा हवी, शिक्षणाचा कामाशी निकटचा संबंध दाखवायला हवा, आणि शेवटी मंजुरी वरिष्ठांच्या मर्जीवर. तिकीट खिडकीवरच्या बाईचा इंटरनेटशी संबंध नाही, असे आता कोणता अधिकारी म्हणू शकेल?

आमच्या त्या भगिनीला आम्ही सरळ सांगितले की, ऑक्सफर्ड आज लांब आहे. पण १९८५ साली स्थापन झालेले इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठ आणि १९८९ साली निघालेले नाशिकचे मुक्त विद्यापीठ जवळ आहेत. तिची पहिली पदवी मुक्त विद्यापीठाचीच. समाजशास्त्राचे एम.ए. तिथून घरी राहून करता येते. पाहणी कशी करायची, आकडे कसे वाचायचे, हे त्यात शिकता येईल, आणि पुढचा विषय तिच्या खिडकीवरच तिची वाट पाहतो आहे. तिने अर्ज आणला आहे. परीक्षेच्या रजेसाठी विभागाकडे पत्र आम्ही लिहिले आहे.

एका पत्राने हा प्रश्न सुटणार नाही. म्हणून फेडरेशनने पुढील मागण्या हाती घ्याव्यात. १४० क्रमांकाचा करार भारताने मान्य करावा. अर्धवेळ शिकणाऱ्याला वर्गाच्या आणि परीक्षेच्या दिवशी पगारी सुट्टी द्यावी आणि अभ्यासक्रम संपेपर्यंत त्याची बदली करू नये. विद्यापीठांनी प्रवेश देताना कामाचा अनुभव जमेस धरावा. आणि एक मागणी आपली आपल्याकडेच : प्रत्येक युनियनने वर्गणीतून शिक्षण निधी बाजूला काढावा.

आठ तासांच्या दिवसासाठी आपल्या पूर्वजांनी लढा दिला, तो केवळ झोपेसाठी नव्हता. उरलेल्या वेळात माणूस म्हणून वाढता यावे, यासाठी होता. त्या वेळेवरचा आपला हक्क आपण पुन्हा मागितला पाहिजे. नाहीतर आपल्या कामाचे शास्त्र दुसरेच लिहितील आणि आपण त्यात फक्त आकडा म्हणून छापले जाऊ.