पनीर कुणाच्या दुधाचं?

आजची नोंद पिकाची नाही, ताटाची आहे. पण फिरून पिकावरच येते, त्यामुळं वाचा.

२४ मार्च २०२५. मागच्या हप्त्यात तूर घातली. बीडीएन ७११, चाळून स्वच्छ केलेला माल. हमीभाव ७५५०, हातात पट्टी आली ७१०० ची. सोयाबीन तर आधीच ४०५० ला देऊन मोकळा झालोय, हमीभाव ४८९२ असताना. त्याच संध्याकाळी पुतण्याच्या लग्नासाठी तालुक्याचा केटरर घरी आला. मोबाईलवर फोटो दाखवू लागला. पनीर मसाला, पुलाव, दोन गोड, कडेला चायनीजचा स्टॉल. १८० रुपये ताट, ८०० ताटं, म्हणजे एक लाख ४४ हजार. थोरले भाऊ नुसती मान डोलवत होते.

मी एकच विचारलं, "पनीर कितीला पडतं?" गडी सरळ होता. म्हणाला, "काका, १७० रुपये किलो, पोच."

आता दूध घालणाऱ्यांनी हिशोब करा. गायीच्या दुधाचं किलोभर पनीर करायला साडेसहा लिटरच्या आसपास दूध लागतं. तीस रुपये लिटर धरलं तरी नुसतं दूधच १९५ चं. जळण, मजुरी, गाडीभाडं अजून बाजूलाच. मग १७० ला घरपोच येतं ते काय? दूध पावडर आणि पामतेल घालून बनवलेला गोळा. त्याला ॲनालॉग म्हणतात. पाकिटावर तसं छापून विकलं तर गुन्हा नाही, पण पाकीट राहतं आचाऱ्यापाशी आणि ताटावर काही छापलेलं नसतं. आयोडीनचा थेंब टाकून बघा असं सांगतात, त्यानं पिष्ट मिसळलेलं कळतं. तेल कळत नाही, त्याला प्रयोगशाळाच लागते.

माणशी ६० ग्रॅम धरलं तर ८०० माणसाला ४८ किलो पनीर. खरं असतं तर ३१२ लिटर दूध कुणाच्या तरी गोठ्यातून उचललं गेलं असतं. आमच्या धाराशिव जिल्ह्यात भूमकडं खव्याच्या भट्ट्या पेटलेल्या असतात, आणि आमच्याच मांडवात पामतेल शिजतंय. वर आपणच दूधदराच्या आंदोलनात रस्त्यावर दूध ओतायला पुढं.

डाळीचं तेच. २०२५ च्या मार्चमध्ये तुरीची आयात बिनशुल्क होती, पिवळा वाटाणाही २०२३ च्या डिसेंबरपासून तेव्हा बिनशुल्कच येत होता. बेसनात वाटाणा किती जातो ते एखाद्या गिरणीवाल्याला खाजगीत विचारा. सरकारला शिव्या मीही देतो, द्यायलाच पाहिजेत. पण ते १८० चं ताट काय सरकारनं ठरवलं होतं?

२०१९ ला माझ्या लेकीच्या लग्नात मीही हेच केलं, म्हणून एवढं तोंड चालतंय. ठरलेलं ताटावर. पोरांनी दोन-दोन ताटं घेतली, कुणी बुंदीसाठी नवं ताट उचललं. रात्री हिशोबाला ११५० ताटं निघाली. जेवली असतील साडेआठशे. लेक गाडीत बसत होती आणि मी मांडवामागं त्या माणसाशी ताटांवरून भांडत होतो. तिला वाटेला लावताना मी जवळ नव्हतो. पैसे तर दिलेच, उसाच्या बिलातनं.

यंदाचा माझा हिशोब असा. शिधा आपला, आचारी रोजावर. वरणाला माणशी ४० ग्रॅम डाळ म्हणजे ३२ किलो. क्विंटल तुरीला ७० किलो डाळ पडते, म्हणजे ५० किलो तूर बास. गहू घरचा, वांगी गावातली, हरभरा घरचा म्हणजे बुंदीचं बेसन डोळ्यादेखत दळलेलं. घरच्या मालाची बाजारभावानं किंमत धरूनही शिधा ४४ हजार. आचारी आणि त्याची माणसं २४ हजार, वाढायला २० पोरं ६०० नं म्हणजे १२ हजार, भांडी-गॅस सहा हजार. एकूण ८६. ताटाला १०८ सुद्धा पडत नाहीत. पनीर नाही, हे कबूल. वांग्याची भाजी आहे.

भाऊ म्हणले, "माणसं कुठायत? पूर्वी भावकी राबायची." खरं आहे. आणि त्या भावकीत राबायच्या बायकाच, तीन-तीन दिवस धान्य निवडत. ते दिवस परत आणायचे नाहीत मला. म्हणूनच डाळ मिलवर करायची आणि वाढणाऱ्या पोरांना रोज द्यायचा, फुकट वेठबिगार नको. एवढं करून ज्याला जमत नाही त्यानं केटरर जरूर लावावा. पण ताटावर नको, माणसाच्या अंदाजावर ठोक ठरवा आणि कागदावर घ्या. त्याचा चौदा आकडी अन्न परवाना बघा, केटररला तो लागतोच. तेलाचे डबे तुमच्यासमोर फुटू द्या. आणि तो दुसऱ्याच्या लग्नात वाढत असेल तिथं जाऊन एकदा जेवून या. घरी आणलेला नमुना सगळ्यांचाच चांगला असतो.

कृषी खात्याच्या आणि विद्यापीठाच्या साहेबांनाही एक विनंती. कडधान्य वाढवा म्हणून तुम्ही मेळावे घेता, आम्ही येतो. मागच्या मेळाव्यात दुपारच्या ताटात काय होतं, आठवतंय का? तेच पनीर. तुरीचं वरण नव्हतंच.

घरात अजून एकमत नाही. पुतण्या म्हणतो मित्र हसतील, दोन दिवस माझ्याशी बोलत नाही. वहिनींनी मात्र काल गपचूप मला दोन पोती मोकळी करून दिली. उद्या सकाळी ६० किलो तूर डाळ मिलवर टाकतोय, दहा किलो जास्त धरलीय. किती डाळ पडली ते लिहितो.