जुना खेळ बरा की नवा?

मुलांनो, व्हिडिओ गेमच्या दुनियेत दर वर्षी नवे खेळ येतात. चित्रे अधिक सुंदर होतात, आवाज अधिक खरे वाटतात आणि किंमतही वाढते. तरीही पुष्कळ खेळाडू नवा खेळ बाजूला ठेवून वीस-तीस वर्षांपूर्वीचा खेळ लावतात. काही लोक म्हणतात, ही केवळ बालपणाची आठवण आहे. मला हे पटत नाही.

टेट्रिसचेच पाहा. १९८४ साली मॉस्कोमध्ये अलेक्सी पाजितनोव्ह यांनी हा खेळ तयार केला. वरून ठोकळे पडतात, ते नीट रचायचे. एक ओळ पूर्ण भरली की ती नाहीशी होते. बस, एवढेच! नियम एका मिनिटात समजतो, पण मन वर्षानुवर्षे भरत नाही. डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्यातला १३ वर्षांचा एक मुलगा या खेळाच्या १९८९ च्या आवृत्तीत १५७ व्या लेव्हलपर्यंत पोहोचला आणि खेळच बंद पडला! त्यापूर्वी कोणत्याही माणसाने तो खेळ असा थकवला नव्हता. ही आवृत्ती त्याच्या जन्माच्या सुमारे वीस वर्षे आधीची. मग त्याला बालपणाची कसली आठवण?

खरे कारण वेगळे आहे. पूर्वी खेळ कॅसेटमध्ये भरून विकला जाई. एकदा विकला की त्यात दुरुस्ती करता येत नसे. म्हणून चांगले कारागीर तो आधीच पारखून घेत. १९८५ चा ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ हा सगळा खेळ अवघ्या ४० किलोबाइटमध्ये मावला. मोबाइलवर काढलेला एक फोटोसुद्धा याहून कितीतरी मोठा असतो! आज इंटरनेटमुळे ‘आधी विकू, मग सुधारू’ अशी सवय लागली आहे. डिसेंबर २०२० मध्ये ‘सायबरपंक २०७७’ बाजारात आला, तेव्हा त्यात इतके दोष होते की सोनी कंपनीने आठवडाभरातच तो आपल्या दुकानातून काढला आणि लोकांचे पैसे परत केले. पुढे तो पुष्कळ सुधारला. म्हणजे घाई करणाऱ्याने जास्त पैसे मोजले आणि थांबणाऱ्याला चांगला खेळ स्वस्तात मिळाला.

अर्थात जुने ते सगळेच सोने नव्हे. १९८२ साली अटारी कंपनीने काढलेला ‘ई.टी.’ हा खेळ इतका फसला की न खपलेल्या कॅसेट दुसऱ्या मालाबरोबर न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात पुरल्या गेल्या. २०१४ साली त्यांतल्या काही उकरून काढल्या, त्याही एका माहितीपटासाठी.

पण जुन्या कॅसेटची एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. ती तुमच्या मालकीची असते. ‘द क्रू’ हा मोटारींच्या शर्यतीचा खेळ २०१४ साली आला. तो कंपनीच्या सर्व्हरशी जोडल्याशिवाय चालत नसे. ३१ मार्च २०२४ नंतर कंपनीने सर्व्हर बंद केले. ज्यांनी पैसे देऊन खेळ घेतला होता, त्यांना तो एकट्यानेही खेळता येईना. दुकानदाराने दहा वर्षांनी घरी येऊन तुमच्या कपाटातले पुस्तक उचलून न्यावे, तसाच हा प्रकार! खेळाडूंना राग आला, आणि तो रास्त होता. विकलेला खेळ पुढेही खेळता येईल अशा स्थितीत ठेवा, या मागणीवर २०२५ मध्ये युरोपातील दहा लाखांहून अधिक लोकांनी सह्या केल्या.