सैन्य राष्ट्राचे की जातींचे?

राष्ट्राच्या तिजोरीतून पगार घेते एवढ्यावरून कोणतेही सैन्य राष्ट्रीय ठरत नाही. तसे असते तर कंपनी सरकारच्या फौजेसही राष्ट्रीय म्हणावे लागले असते. कारण तिचा खर्चही याच देशाच्या महसुलातून निघत असे. ज्या सैन्यातील कोणत्याही रेजिमेंटचे दार लायक तरुणास केवळ जन्मावरून बंद होत नाही, तेच राष्ट्रीय, असे आम्ही समजतो. या कसोटीस आपले भूसैन्य अद्याप पुरते उतरलेले नाही, हे स्पष्ट बोलणे आम्हांस कर्तव्य वाटते.

हा भेद उपजला कसा ते पाहू. 1857 च्या उठावानंतर सर्व शिपाई पुन्हा एक होणार नाहीत अशी फौज राज्यकर्त्यांस हवी होती. पुढे 1885 ते 1893 या काळात सरसेनापती असलेल्या लॉर्ड रॉबर्ट्स यांनी 'लढवय्या जातीं'चा सिद्धान्त उचलून धरला. मुंबई इलाख्याच्या सैन्यात महारांनी पिढ्यान्‌पिढ्या चाकरी केली होती. 1818 च्या कोरेगावच्या लढाईत पडलेल्यांची नावे तेथील स्तंभावर आजही वाचावयास मिळतात. तरी 1892 च्या सुमारास त्यांची भरती बंद झाली. माजी हवालदार गोपाळबाबा वलंगकर यांनी 1894 साली अर्ज केला, तो निष्फळ ठरला. मात्र महायुद्धात माणसांची टंचाई पडताच 1917 साली महारांची पलटण उभारली गेली, 1921 साली ती मोडली आणि दुसऱ्या महायुद्धात, 1941 साली, महार रेजिमेंट पुन्हा उभी राहिली. रक्तातले शौर्य सरकारच्या गरजेप्रमाणे येते आणि जाते काय, याचा विचार वाचकांनीच करावा.

स्वराज्यात हा हिशेब बदलावयास हवा होता, व काही अंशी तो बदललाही. 1949 साली सर्व जातिधर्मांच्या जवानांची ब्रिगेड ऑफ द गार्ड्स उभी राहिली. महार रेजिमेंटमध्ये आज सर्व प्रांतांचे जवान आहेत. आरमार व हवाई दल यांत जातवार तुकड्या नाहीतच. अधिकाऱ्यांसही कोणत्याही रेजिमेंटमध्ये नेमता येते. परंतु शीख, डोग्रा, जाट इत्यादी रेजिमेंटांतील शिपाई अद्याप मुख्यतः ठराविक समाजांतूनच घेतले जातात.

यावर आक्षेप असा की, एका भाषेचे, एका चालीरीतीचे लोक एकमेकांसाठी अधिक निकराने लढतात. जुन्या रेजिमेंटांचा पराक्रम कोण नाकारील? पण तो जातीचा की शिस्तीचा व सहवासाचा? छोटानागपूरचे आदिवासी लान्स नायक आल्बर्ट एक्का 1971 च्या युद्धात चौदाव्या गार्ड्स पलटणीतून लढताना पडले व मरणोत्तर परमवीर चक्राचे मानकरी ठरले. त्या मिश्र पलटणीत निष्ठा उणी पडली असे कोण म्हणेल?

जून 2022 मध्ये अग्निपथ योजना जाहीर करताना सरकारने 'सर्व देश, सर्व वर्ग' हे भरतीचे तत्त्व सांगितले. त्याच योजनेत चार वर्षांनंतर शेकडा 25 पर्यंतच जवान कायम ठेवण्याची अट आहे. एवढ्या अल्प मुदतीत पलटणीचा जिव्हाळा कितपत जडेल, ही शंका रास्त आहे. परंतु थैलीत एक नाणे संशयास्पद निघाले म्हणून शहाणा सावकार सारी थैली गटारात ओतीत नाही. मुदतीचा वाद स्वतंत्रपणे तोडावा. समान भरतीचे तत्त्व मात्र सोडू नये.

रेजिमेंटांची नावे, निशाणे व रणघोष खुशाल राहोत. तो मिळवलेला वारसा आहे. मात्र त्यांचे दार सर्वांस उघडे असावे, आणि कोणत्या जिल्ह्यातून किती जवान कोणत्या रेजिमेंटमध्ये घेतले याचा तक्ता सरकारने दरसाल लोकांपुढे मांडावा. ज्या देशासाठी कोणीही प्राण द्यावा असे आपण म्हणतो, त्या देशाने तो कोणत्या निशाणाखाली द्यावा हे जात विचारून ठरवू नये.