वास कीं सुवास?

मनुष्याच्या पांच ज्ञानेंद्रियांत नाकाइतकें उतावळें इंद्रिय दुसरें नसेल. डोळा एखादी वस्तु दोनदां पाहतो, कान दुसरी बाजू ऐकून घेतो. नाक मात्र पहिल्याच श्वासासरशीं निकाल देऊन मोकळें होतें. अशाच एका निकालाविषयीं मला येथें लिहावयाचें आहे. कारण तो मीच दिला होता आणि तो चुकला होता.

गेल्या दिवाळीच्या सुटींत माझ्या भाचीनें पॅरिसहून अत्तराची एक लहानशी कुपी आणली. तिचें नांव 'मित्सुको'. पॅरिसच्या गेर्लां या जुन्या अत्तरकार घराण्यांतील जाक गेर्लां यांनीं हें अत्तर १९१९ सालीं सिद्ध केलें. पीच म्हणजे सप्ताळू या फळाचा गोडवा आणि लवंग-दालचिनीसारख्या मसाल्याची ऊब अशी त्यांतील जोडी आहे. मीं कागदाच्या पट्टीवर एक थेंब घेतला, हुंगला आणि हंसून म्हणालों, "हें अत्तर कसलें? कोणी लोणच्याच्या बरणींत फळ बुडविलेलें दिसतें!" त्यावर पत्नीनें विचारलें, "मोरांब्यांत लवंग-दालचिनी घालतें तेव्हां ती बरी चालते?" मजजवळ उत्तर नव्हतें. मीं ती पट्टी वाचावयाच्या पुस्तकांत खुणेसाठीं ठेवली आणि विसरून गेलों.

संध्याकाळीं पुस्तक उघडलें तों अगदीं निराळाच दरवळ आला. पावसानंतरच्या रानांत कोणी पिकलेलें फळ ठेवावें, तसा तो गंभीर व शांत होता. मसाला आणि फळ यांचें भांडण केव्हांच मिटलें होतें.

यांत जादू कांहीं नाहीं. अत्तरांत पुष्कळ द्रव्यें मद्यार्कांत विरघळविलेलीं असतात. जीं हलकीं, तीं प्रथम उडून जातात. जीं जड, तीं मागें राहतात. 'मित्सुको'मध्यें आरंभीं लिंबाच्या जातीच्या बर्गमोट फळाचा तीव्र वास येतो आणि लवकरच ओसरतो. मग पीच आणि फुलें पुढें येतात. हें पीच झाडावरचें नव्हे. गुलाबाप्रमाणें त्या फळाचा अर्क ऊर्ध्वपातनानें काढतां येत नाहीं, म्हणून रसायनशाळेंत तयार केलेलें द्रव्य तेथें योजिलें आहे. तळाशीं आपला ओळखीचा वाळा आणि ओक वृक्षावर वाढणारें एक शैवाक असतें. हें शैवाक आपल्या गोड्या मसाल्यांतील दगडफुलाच्याच कुळांतलें! कांहीं जणांच्या त्वचेस त्याची बाधा होते म्हणून युरोपांत त्याच्या वापरावर आतां मर्यादा आहेत. तरी त्याचा मातकट दरवळ ओळखूं येतो. पहिल्या क्षणींच मत देणारा मनुष्य जें घाईनें निघून जातें त्याच्यावरच मत देतो. जें टिकणारें आहे तें त्याला भेटलेलेंच नसतें.

येथें मला एक गोष्ट प्रांजळपणें सांगितली पाहिजे. त्याआधींच्या पावसाळ्यांत माझ्या वर्गांतील कांहीं मुलांनीं एका विद्यार्थ्याविषयीं तक्रार केली, "सर, याच्या सदऱ्याला मसाल्याचा वास येतो." त्याची आई घरीं मसाले करून विकते व त्यावर त्यांचा संसार चालतो. पावसाळ्यांत कपडे वाळावयाचे तेही त्याच खोलींत. त्यांना वास लागावयाचाच. तक्रार करणारांस मीं दोन शब्द सुनवावयास हवे होते. परंतु तास अडूं नये म्हणून मीं त्या मुलालाच शेवटच्या बांकावर, खिडकीजवळ बसविलें. "तेथें वारा चांगला येतो," असेंही वर सांगितलें. तो कांहीं बोलला नाहीं. दप्तर उचलून मुकाट्यानें मागें गेला.

ती पट्टी हातांत धरली असतां मला तो बांक आठवला. तीच लवंग, तीच दालचिनी, दगडफुलाचेंच भावंड! काचेच्या कुपींतून आलीं म्हणजे आपण त्यांना सुवास म्हणतों आणि पैसे मोजतों. गरिबाच्या सदऱ्याला लागलीं म्हणजे त्यांनाच वास म्हणतों आणि नाक मुरडतों. यांत नाकाचा दोष थोडा, मनाचा फार.

सुटीनंतर मीं ती कुपी वर्गांत नेली. पहिल्या तासाला पट्ट्या देऊन प्रत्येकास मत लिहावयास सांगितलें आणि शेवटच्या तासाला त्याच पट्ट्या पुन्हां हुंगावयास लावल्या. बहुतेकांनीं पहिलें मत खोडलें. कोणी आंबा लिहिला, कोणी उदबत्ती. शेवटच्या बांकावरील एकाच कागदावर शब्द होता, 'दगडफूल.' "कसें ओळखलेंस?" मीं विचारलें. "आई भाजते तेव्हां असाच वास येतो, सर." या वेळीं कोणी हंसलें नाहीं. मीं सर्वांदेखत त्याची क्षमा मागितली व त्याची जुनी जागा त्याला देऊं केली. "नको, सर," तो म्हणाला, "येथें वारा चांगला येतो."

तें उत्तर मला लागावयाचें तेथें लागलें. जागा परत देणें सोपें असतें. दिलेला निकाल परत घेतां येत नाहीं.

विद्यार्थिमित्रांनो, नवें फळ, नवें पुस्तक वा नवा सोबती, कोणाविषयींही पहिल्या श्वासांत मत बनवूं नका. आणि पालकांस एवढीच विनंती कीं, अमुक मुलाजवळ बसूं नको असें आपल्या मुलास सांगण्यापूर्वीं आपण स्वतः एक संध्याकाळ तरी थांबावें.