वडिलांच्या ग्रॅच्युइटीवर दुकान टाकू नका



रविवारच्या व्हिडिओत बाबांना पहिल्यांदा कॅमेऱ्यासमोर बसवलं. भोसरीच्या एका कंपनीत 35 वर्षं टूलरूमला काढलेला माणूस माझ्या हार्डवेअरच्या दुकानात स्क्रूंचे डबे कसे लावतो, एवढाच विषय होता. प्रत्येक साइजचे दोन डबे. एक संपला की दुसरा उघडायचा आणि रिकामा डबा काउंटरवर आणून ठेवायचा. तोच डबा म्हणजे ऑर्डर. ना सॉफ्टवेअर, ना वही.

पण त्या शूटिंगमधली चार मिनिटं मी कापली होती. ती आज इथे लिहितोय, कारण प्रत्येक बॅचमध्ये दोघं-तिघं तरी हमखास विचारतात, "सर, वडील रिटायर होतायत, फंडाचे पैसे येतील. कोणता बिझनेस टाकू?"

माझं उत्तर सरळ आहे. त्या पैशाला हात लावू नका.

आता हे मी कोणत्या तोंडाने सांगतोय तेही ऐका. बाबा 1983 ला मेकॅनिकलचा डिप्लोमा करून साताऱ्याकडच्या गावातून इथे आले. आधी मशीनवर, मग टूल डिझाइनला. चाळिशीत ड्रॉइंग बोर्ड सुटला आणि आपल्या निम्म्या वयाच्या पोरांकडून ते ऑटोकॅड शिकले. तीन शिफ्ट, कंपनीची बस, रविवारी झोप. माझी शाळा, दवाखाना, रेशन, सगळं आईने ओढलं. शूटिंगला ते सहज म्हणाले, "तुझं लहानपण मी तुझ्या आईकडून ऐकलंय." कॅमेरा धरलेला पोरगासुद्धा गप्प झाला.

2018 ला ते 58 व्या वर्षी रिटायर झाले. ग्रॅच्युइटीचा हिशेब सोपा असतो: शेवटचा बेसिक आणि डीए, भागिले 26, गुणिले 15, गुणिले नोकरीची वर्षं. त्यांचा बेसिक-डीए 30 हजार होता. करून बघा, सहा लाखांच्या थोडं वर येतं. 35 वर्षांचे सहा लाख. त्यातून गावच्या घराचं छप्पर आणि आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन करायचं ठरलं होतं.

ते सहा लाख मी मागितले. मागितले म्हणजे काय, जेवताना विषय काढला आणि त्यांनी "घे" म्हटलं. मी 28 वर्षांचा, बीबीए झालेला, लहान मुलांच्या कपड्यांचं दुकान टाकायचं डोक्यात. दोन लाख डिपॉझिट, अडीच लाख फर्निचर आणि ग्लो साइन, उरलेल्या दीड लाखाचा माल. बीबीएत वर्किंग कॅपिटलवर मला चांगले मार्क होते, हे हसण्यासाठी सांगतो. दसऱ्याला उद्घाटन केलं, 14 महिन्यांनी शटर ओढलं. डिपॉझिट थकलेल्या भाड्यात गेलं. आणि कोरोनावर ढकलायची सोय नाही, कोरोना नंतर आला.

बाबांनी एकच गोष्ट केली नाही. त्यांनी प्रश्न विचारले नाहीत. 2021 ला हे हार्डवेअरचं दुकान टाकताना मुद्राच्या किशोर गटातून चार लाखांचं लोन घेतलं, तेव्हा बँकेच्या साहेबांनी पहिलंच विचारलं, "सहा महिने विक्री झाली नाही तर भाडं कुठून देणार?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. घरी येऊन कागद काढला, दुकान निम्म्या आकाराचं केलं, फर्निचर जुन्या बाजारातून घेतलं. मुद्राला तारण लागत नाही, पण म्हणून लोन सहज मिळतं असं मी म्हणणार नाही. कोटेशन, भाडेकरार, सिबिल, हेलपाटे, सगळं आलंच. त्या हेलपाट्यांत माझा अर्धा प्लॅन सुधारला. वडिलांच्या पैशाला हेलपाटे नसतात, हीच त्याची अडचण आहे.

"पण सर, घरचे पैसे म्हणजे व्याज नाही ना!" असं म्हणणाऱ्यांनी जरा कॅल्क्युलेटर घ्या. पोस्टाच्या सीनियर सिटिझन योजनेत 8.2 टक्क्यांनी सहा लाखांचं वर्षाला 49,200 होतं, म्हणजे महिन्याला 4,100. बाबांची ईपीएसची पेन्शन आहे 3,100. प्रायव्हेट कंपनीतल्या बहुतेकांची अशीच असते आणि ती महागाईप्रमाणे वाढत नाही. म्हणजे तुम्ही 'बिनव्याजी' म्हणून उचलता, ते व्याज त्यांच्या पेन्शनपेक्षा मोठं असतं. ते भरतात, आपल्याला दिसत नाही. वडील सरकारी नोकरीतले आणि जुनी पेन्शन असेल तर गोष्ट थोडी वेगळी. तरी लिहून घ्या-द्या, आणि औषधपाण्याचे बाजूला काढून उरेल त्यातूनच घ्या.

आता ती चार मिनिटं.

माझं दुकान बंद झाल्यावर बाबा चाकणला एका छोट्या वर्कशॉपमध्ये जाऊ लागले. कोरोनात मध्ये काही महिने बंद, बाकी जवळपास तीन वर्षं. नातेवाईक म्हणायचे, "काका अजून किती ॲक्टिव्ह आहेत, घरी बसवत नाही त्यांना." मीसुद्धा लोकांना हेच सांगायचो, कौतुकाने. शूटिंगला मी तोच प्रश्न टाकला, की बाबा, रिटायर झाल्यावरही काम करायची एवढी हौस कुठून आली? ते म्हणाले, "हौस कसली रे? आईच्या गुडघ्याचे पैसे जमवत होतो."

मग थोडा वेळ ते चाकणच्या वर्कशॉपबद्दल बोलले. दिवसभर उभं राहावं लागायचं, डोळ्यांना मायक्रोमीटरच्या रेघा दिसेनाशा झाल्या होत्या, आणि एकदा माप चुकल्यावर तिथल्या मालकाच्या पोराने सगळ्यांसमोर आवाज चढवला. 35 वर्षांत त्यांच्यावर कुणी आवाज चढवला नव्हता. हे मला घरात कधी कळलंच नाही.

आईचं ऑपरेशन 2023 ला झालं, पाच वर्षं उशिरा. 2022 पासून मी त्यांना महिन्याला 8,000 परत देतोय. ते जुन्या डायरीत टूलरूमच्या अक्षरात तारीख घालून लिहितात. अर्ध्याहून जास्त फिटलेत. छप्पर अजून बाकी आहे.

व्हिडिओ बघून झाल्यावर त्यांनी विचारलं, "ते चाकणचं का काढलंस?" मला उत्तर देता आलं नाही. म्हणाले, "लिही मग कुठेतरी."

पुढच्या रविवारी मुद्राची फाइल घेऊन बसू. बँकेने मला विचारलेले प्रश्न तुम्हाला विचारणार आहे. घरून उत्तरं लिहून आणा. बाबाही असणार आहेत, आणि या वेळी प्रश्न तेही विचारणार आहेत.