खळे आणि मैदान

‘फुटबॉलच्या मैदानावर गाण्याचे जलसे कशाला?’ म्हणून नाक मुरडणाऱ्यांशी माझे भांडण आहे. नेरुळच्या डी. वाय. पाटील मैदानावर २०२२ साली सतरा वर्षांखालील मुलींच्या फुटबॉल विश्वचषकाचा अंतिम सामना झाला. २०२५ च्या जानेवारीत कोल्डप्लेचे गाणे झाले, आणि नोव्हेंबरात आपल्या मुलींनी तिथेच क्रिकेटचा विश्वचषक जिंकला. यात विटाळ तो कसला? आमच्या निमोण्यात एकाच खळ्यावर बाजरीची मळणी होई, पोरे विटीदांडू खेळत, रात्री भजन रंगे. मात्र रास उचलल्याशिवाय भजनाची सतरंजी पडत नसे. खळ्यावर पहिला हक्क धान्याचा, मैदानावर खेळाचा! जलशापायी पोरींचा सामना पुढे ढकललात, तर गाठ माझ्याशी आहे.